विश्लेषण : न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात नेमके काय? उत्तराचा एक धागा पैनगंगेपलीकडे!

पुसद तालुक्यातून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि हिंगोली सुरू होतो. याच शेजारच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली. प्रत्यक्ष बांधणीसाठी २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली ती ६ एप्रिल २०२३ रोजी. त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

‘लायगो’ म्हटले की कृष्णविवरांची टक्कर आठवते. मात्र या वेधशाळांपुढे आणखी एक मोठा प्रश्न आहे आणि तो थेट तुमच्या-आमच्या शरीरातील पदार्थाशी जोडलेला आहे. पदार्थ दाबत गेलो, आणखी दाबत गेलो, तर शेवटी त्याचे काय होते? अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉन शाबूत राहतात, की फुटून त्यांच्यातील क्वार्क मोकळे होतात? जवळपास ५० वर्षे हा प्रश्न अनिर्णित आहे. तो का अडला, कुठवर सुटला आणि हिंगोलीच्या वेधशाळेला होणाऱ्या विलंबाची किंमत त्यात कशी मोजावी लागते, याचा हा आढावा.

पदार्थ किती दाबता येतो?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. त्यामुळे हा प्रश्न समजून घ्यायला जिनिंग-प्रेसिंगचे उदाहरण सोयीचे आहे. सरकी काढलेली रुई मोकळी असते, तेव्हा ती खोलीभर पसरते. प्रेसमध्ये दाबली की तिचीच १७० किलोची घट्ट गाठ होते. रुईतील मोकळी जागा निघून जाते, पण धागा धागाच राहतो. गाठ सोडली की रुई पुन्हा फुलते.

अणूचेही असेच आहे. अणू हा बहुतांशी मोकळी जागा असतो. तो क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला, तर त्याचे केंद्र मोहरीच्या दाण्याएवढे भरेल. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्या दाण्यात असते. ही मोकळी जागा पूर्णपणे काढून टाकली आणि अणुकेंद्रे एकमेकांना चिकटवली, तर जो पदार्थ तयार होईल त्याच्या एका घन सेंटीमीटरचे वजन सुमारे २७ कोटी टन असेल. यालाच ‘अणुकेंद्रीय पदार्थ’ म्हणतात.

ही झाली गाठ. आता प्रेस आणखी आवळला तर? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन म्हणजे भरीव गोळ्या नाहीत. त्या प्रत्येकात तीन क्वार्क असतात आणि ‘ग्लुऑन’ नावाचे कण त्यांना बांधून ठेवतात. घनता काही पटींनी वाढली की न्यूट्रॉन एकमेकांत घुसू लागतात. कोणता क्वार्क कोणत्या न्यूट्रॉनचा, हे सांगणे निरर्थक होते. गाठीची उपमा पुढे नेली, तर इथे धागाच विरघळतो. उरतो तो क्वार्कचा एकसंध पदार्थ.

ही कल्पना आली कुठून?

प्रोटॉन-न्यूट्रॉन हे आणखी छोट्या कणांचे बनले असावेत, असे १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे सुचवले. पण एकटा, सुटा क्वार्क कधीच सापडला नाही. दोन क्वार्क दूर ओढले तर त्यांच्यातील बंध सैल पडत नाही. रबर ताणल्यासारखी ओढ कायम राहते. त्यामुळे ते सहसा जोडीने किंवा तिघांच्या गटात दिसतात.

१९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पॉलिट्झर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. क्वार्क एकमेकांच्या खूप जवळ आले की त्यांच्यातील बळ क्षीण होते आणि ते जवळपास मोकळ्या कणांसारखे वागतात. या कामासाठी तिघांना २००४ चे नोबेल मिळाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, जॉन कॉलिन्स आणि माल्कम पेरी यांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात पदार्थ इतका दाबलेला असतो, की तिथे न्यूट्रॉनऐवजी क्वार्कचेच राज्य असू शकते.

तर्क बिनतोड होता. पण हा बदल नेमका किती घनतेला होतो आणि कसा होतो, हे त्यातून कळत नव्हते. खरी मेख तिथेच आहे.

‘अवस्थांतर’ म्हणजे काय?

पाण्याची वाफ होणे हे अवस्थांतर. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. उकळत असताना कितीही आच दिली तरी तापमान वाढत नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी आणि वाफ यांच्यात स्पष्ट सीमारेषा असते. हा झाला ‘एकदम’ होणारा बदल.

पण दाब वाढवत नेला तर ही सीमारेषा पुसट होत जाते. सुमारे ३७४ अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या २१८ पट दाब असलेल्या बिंदूला ती संपते. त्यापलीकडे पाणी कुठे संपले आणि वाफ कुठे सुरू झाली, हे सांगताच येत नाही. बदल होतो, पण हळूहळू. सीमारेषा जिथे संपते, त्या बिंदूला ‘क्रांतिक बिंदू’ म्हणतात.

अणुकेंद्रीय पदार्थ आणि क्वार्क पदार्थ यांचाही असाच एक नकाशा असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. नकाशाच्या एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला घनता. गरम बाजूला बदल हळूहळू होतो, हे आता बऱ्यापैकी पक्के आहे. घनतेच्या बाजूला तो पाणी उकळावे तसा एकदम होतो का आणि मध्ये कुठे क्रांतिक बिंदू आहे का, हे मात्र अद्याप कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गरम बाजूचे उत्तर कसे मिळाले?

महास्फोटानंतर एका सेकंदाच्या काही लाखाव्या भागापर्यंत विश्व इतके तप्त होते, की प्रोटॉन-न्यूट्रॉन अस्तित्वातच नव्हते. होते ते क्वार्क आणि ग्लुऑनचे रसायन. ते थंड झाले आणि त्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉन तयार झाले. म्हणजे हे अवस्थांतर विश्वात एकदा उलट्या दिशेने घडून गेलेले आहे.

प्रयोगशाळेत ते पुन्हा घडवण्यासाठी सोने किंवा शिसे यांसारख्या जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रे जवळपास प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवली जातात. अमेरिकेतील ब्रुकहेवन आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या दोन ठिकाणी हे काम झाले आहे. भारत यात प्रेक्षक नाही. सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरसह अनेक भारतीय संस्था आहेत. त्यात मुंबई आयआयटीचाही समावेश आहे.

महाराष्ट्राचा याहून ठळक ठसा गणिताच्या बाजूला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी अनेक वर्षे याच नकाशावर काम केले. जून २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गुप्ता, बेदांगदास मोहंती आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. महासंगणकावरील गणित आणि ब्रुकहेवनमधील टकरींची निरीक्षणे थेट शेजारी ठेवून त्यांनी अवस्थांतराचे तापमान काढले. ते आले सुमारे दोन लाख कोटी अंश. पुढच्या अधिक अचूक गणितांनी हा आकडा थोडा खाली, १.८ लाख कोटी अंशांच्या आसपास आणला. सूर्याच्या केंद्राचे तापमान दीड कोटी अंश असते. म्हणजे ही उष्णता त्याच्या लाखपटीहून अधिक.

मग घनतेच्या बाजूचे गणित का अडते?

क्वार्कचे समीकरण माहीत आहे. ते कागदावर सुटत नाही, म्हणून संगणकावर सोडवतात. पद्धत थेट निवडणुकीच्या एक्झिट पोलसारखी. शक्यता अगणित असतात. त्या सगळ्या तपासता येत नाहीत. म्हणून योग्य नमुना निवडायचा आणि त्यावरून एकूण निकालाचा अंदाज बांधायचा. प्रत्येक मताचे मूल्य धन आहे, तोवर हे छान जमते.

घनता वाढवली की गणितात विचित्र प्रकार होतो. काही ‘मतांचे’ मूल्य उणे होते, खरे तर त्याहूनही गुंतागुंतीचे. प्रचंड अधिक आणि प्रचंड उणे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि जो इवलासा फरक उरतो त्यात खरे उत्तर दडलेले असते. नमुना कितीही मोठा घेतला तरी तो फरक हाती लागत नाही. यालाच ‘चिन्हाची समस्या’ म्हणतात. नुसता मोठा संगणक घेऊन ती सुटत नाही, कारण घनता वाढत जाईल तशी लागणारी संगणकीय ताकद अफाट वेगाने वाढते.

गवई आणि गुप्ता यांनी यावर एक आडवाट काढली. घनता शून्य असताना गणित अचूक करता येते. तिथला चढ-उतार बारकाईने मोजायचा आणि घनता थोडी वाढवली तर काय होईल, याचा टप्प्याटप्प्याने अंदाज घ्यायचा. २००५ मध्ये त्यांनी या मार्गाने क्रांतिक बिंदू कुठे असू शकेल, याचा अंदाज मांडला. जगभरच्या गटांनी ही पद्धत पुढे नेली. पण रस्त्याचा चढ पाहून पुढच्या शंभर मीटरचा अंदाज येतो, पुढच्या तालुक्याचा नाही. न्यूट्रॉन ताऱ्याचा गाभा हा ‘पुढचा तालुका’ आहे.

ब्रुकहेवनने टकरींची ऊर्जा कमी-जास्त करून क्रांतिक बिंदूचा माग काढण्याची मोहीम राबवली. जर्मनीत डार्मस्टॅट येथे उभ्या राहत असलेल्या ‘फेअर’ प्रकल्पातही, ज्यात भारत भागीदार आहे, याच घनतेचा शोध घेतला जाणार आहे. तरीही या टकरींतून तयार होणारा पदार्थ गरम असतो आणि क्षणार्धात विखुरतो. थंड, स्थिर आणि महाघन पदार्थ पृथ्वीवर बनवता येत नाही. त्यासाठी आकाशाकडेच पाहावे लागते.

न्यूट्रॉन तारा : निसर्गाचा प्रेस

सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटात उधळले जातात. अनेकदा मागे उरतो तो न्यूट्रॉन तारा. वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट, व्यास मात्र जेमतेम २५ किलोमीटर. दुचाकीवरून अर्ध्या-पाऊण तासात पार होईल एवढ्या अंतरात एका सूर्याहून जास्त ऐवज! त्याच्या केंद्रात घनता अणुकेंद्राच्याही काही पट असते.

गाभ्यात उतरून पाहता येत नाही. पण ताऱ्याचे वजन आणि त्रिज्या मोजली, तर आतला पदार्थ किती ‘कडक’ किंवा किती ‘मऊ’ आहे ते कळते. पदार्थ मऊ असेल तर गुरुत्वाकर्षणापुढे हार मानून ताऱ्याचे कृष्णविवर होईल. कडक असेल तर तो जास्त वजन पेलेल.

इथे अवस्थांतराचा संबंध येतो. घरातील गॅस सिलिंडर आठवा. त्यात द्रव आणि वायू एकत्र असतात. तापमान तेच असेल तर द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब जवळपास तोच राहतो. अशा मिश्रणाला बाहेरून दाबले तर दाब वाढत नाही, फक्त आणखी वायूचा द्रव होतो. म्हणजे एकदम होणाऱ्या अवस्थांतरात पदार्थ दाबाला प्रतिकारच करत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात असा थर तयार झाला, तर वरचे ओझे पेलणारा आधार तिथे कमी पडतो. बदल फार मोठा असेल तर तारा कोसळू शकतो.

म्हणूनच २०१० मध्ये खळबळ उडाली. ‘जे १६१४-२२३०’ या न्यूट्रॉन ताऱ्याचे वजन सूर्याच्या जवळपास दुप्पट भरले. २०१३ मध्ये आणखी एक तारा दुपटीला पोहोचला. ‘जे ०७४०+६६२०’ तर किंचित पुढेच गेला. ताऱ्याचा गाभा क्वार्कचा होताच मऊ पडतो, असे मानणारी अनेक प्रारूपे एका फटक्यात बाद झाली. क्वार्क पदार्थ आत असेलच, तर तो दोन सूर्यांचे वजन पेलण्याइतका कडक असला पाहिजे, ही अट कायमची लागू झाली.

१७ ऑगस्ट २०१७ : दोन ताऱ्यांची टक्कर

भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांना सुमारे १०० सेकंद चाललेला संकेत मिळाला. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गिरक्या घेत आदळले होते. इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळाही चालू होती. तिघांच्या नोंदी जुळवल्यावर स्रोत आकाशाच्या सुमारे ३० चौरस अंशांच्या तुकड्यात असल्याचे कळले. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि साधारण ११ तासांत ‘एनजीसी ४९९३’ या आकाशगंगेत त्या टकरीचा प्रकाश सापडला. पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीनेही (जीएमआरटी) या घटनेचा मागोवा घेतला.

या संकेतात पदार्थाचा गुणधर्म लिहिलेला होता. दोन तारे जवळ येतात, तेव्हा भरती-ओहोटीसारखे ते एकमेकांना ताणतात. कडक पदार्थाचा, म्हणून फुगलेला तारा जास्त ताणला जातो आणि त्यामुळे गिरक्या किंचित लवकर आटोपतात. संकेत बारकाईने वाचल्यावर दिसले, की तारे फार ताणले गेले नव्हते. त्यावरून त्रिज्या साधारण ११ ते १३ किलोमीटरच्या आसपास निघाली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ‘नाइसर’ या क्ष-किरण दुर्बिणीनेही १२-१३ किलोमीटरच्या आसपासच्या त्रिज्या मोजल्या.

आता दोन्ही बाजूंनी चाप बसला. पदार्थ दोन सूर्य पेलण्याइतका कडक हवा, पण तारा १३-१४ किलोमीटरच्या पुढे फुगेल इतका कडक नको. उत्तर या दोन भिंतींच्या मध्ये कुठेतरी आहे.

क्वार्कचा गाभा सापडला, असे म्हणायचे का?

नाही, इतक्यात नाही. २०२० मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ‘नेचर फिजिक्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सर्वांत जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यातील पदार्थ अणुकेंद्रीय पदार्थासारखा वागत नाही, त्याची वागणूक क्वार्क पदार्थाशी जुळते, असे त्यात म्हटले होते. याच गटाने २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ही शक्यता ८० ते ९० टक्के असल्याचे मांडले.

आकडा मोठा आहे, पण उरलेल्या १०-२० टक्क्यांत काय आहे ते पाहायला हवे. अवस्थांतर एकदम आणि जोरदार होत असेल, तर क्वार्क गाभा तयार होताच तारा कोसळेल आणि स्थिर ताऱ्यांत क्वार्क दिसणारच नाहीत. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो : बदल हळूहळू की एकदम? शिवाय ही टक्केवारी काही गृहीतकांवर उभी आहे. नवी निरीक्षणे आली की ती वर-खाली होईल. ‘न्यूट्रॉन ताऱ्यात क्वार्क सापडले’ असे मथळे फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

थेट पुरावा कसा मिळेल, हे २०१९ मध्ये एकाच अंकात प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी दाखवले. टकरीनंतर क्षणभर जो एकत्रित तारा थरथरतो, त्याच्या गुरुत्वीय लहरींचा ‘सूर’ क्वार्क तयार झाल्यास बदलतो. पदार्थ एकदम आकसला की सूर चढतो. २०१७ मध्ये हा शेवटचा सूर ऐकू आला नाही. तो इतक्या उंच पट्टीत असतो, की त्या वेळच्या यंत्रांची संवेदनक्षमता तिथे अपुरी पडली.

२५ एप्रिल २०१९ : हुकलेली संधी

दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा दुसरा संकेत या दिवशी आला. दोघांचे मिळून वजन सूर्याच्या ३.४ पट. आपल्या आकाशगंगेत माहीत असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्यांपेक्षा ही जोडी लक्षणीय जड होती. जड तारे म्हणजे जास्त घनता आणि क्वार्कची शक्यताही जास्त. अभ्यासासाठी याहून चांगली घटना मिळणे अवघड.

पण त्या क्षणी अमेरिकेतील दोनपैकी हॅनफर्डची वेधशाळा बंद होती. संकेत मिळाला तो लिव्हिंग्स्टनच्या एकट्या यंत्रावर. व्हर्गोपर्यंत पोहोचलेला संकेत फारच क्षीण होता. परिणामी शोधायचा भाग निघाला ८००० चौरस अंशांहून मोठा, म्हणजे संपूर्ण आकाशाचा पाचवा हिस्सा. दुर्बिणींनी धावपळ केली, पण प्रकाश सापडला नाही. त्या टकरीत काय बाहेर फेकले गेले, कृष्णविवर लगेच झाले की काही क्षणांनी, हे सांगणारा पुरावा कायमचा निसटला.

हिंगोलीच्या वेधशाळेचे महत्त्व या एका घटनेत दिसते. गुरुत्वीय लहरींचा स्रोत कुठे आहे, हे वेगवेगळ्या वेधशाळांना संकेत किती अंतराने मिळाला यावरून ठरते. वेधशाळा जितक्या जास्त आणि एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी जागा नेमकी कळते. अमेरिका आणि युरोपपासून हजारो किलोमीटर दूर असलेले भारतातील यंत्र ही उणीव भरून काढेल. एक यंत्र बंद असले तरी बाकीची चालू राहतील, हा त्याहून साधा फायदा.

काय होईल, काय होणार नाही?

लायगो-इंडिया एकटीच क्वार्कचे कोडे सोडवेल, असे म्हणणे चुकीचे ठरेल. टकरीनंतरचा तो उंच सूर स्पष्ट ऐकण्यासाठी युरोपातील ‘आइन्स्टाइन टेलिस्कोप’ आणि अमेरिकेतील ‘कॉस्मिक एक्सप्लोरर’ यांसारख्या पुढच्या पिढीच्या प्रस्तावित यंत्रांची वाट पाहावी लागू शकते. पण गिरक्यांचा भाग जास्त स्वच्छ मिळेल, टकरीची जागा लवकर कळेल आणि लडाखमधील हान्ले येथील दुर्बिणी किंवा खोडदची जीएमआरटी वेळेत तिकडे वळवता येईल. प्रत्येक चांगली नोंद वर सांगितलेल्या दोन भिंतींमधील अंतर थोडे कमी करते. विज्ञान असेच पुढे सरकते.

या क्षेत्रात महाराष्ट्र नवखाही नाही. पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच, म्हणजे पहिली लहर पकडली जाण्याच्या जवळपास पाव शतक आधी, गोंगाटातून असा संकेत कसा निवडायचा यावर मूलभूत काम केले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली, तेव्हा तिच्या विश्लेषणात भारतीय संशोधकांचे नाव होते. यंत्र मात्र देशात नव्हते.

उशिराची किंमत कोण मोजणार?

तत्त्वतः मान्यता ते पूर्ण मंजुरी यात सात वर्षे गेली. वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे लक्ष्य आहे. दोन दिशांना प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या नळ्या, त्यांत जवळपास परिपूर्ण निर्वात पोकळी आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी हालचाल टिपणारे लेसर. हे काम घाईचे नाही, हे मान्य. जमीन शांत हवी, म्हणून ही जागा निवडली गेली. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात भूकंपाचे धक्के जाणवल्यानंतर लोकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे आणि तिचे उत्तर प्रकल्पाने साध्या मराठीत द्यायला हवे. पण काळजीपूर्वक काम आणि रेंगाळलेले काम यात फरक असतो. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जवळ घडणाऱ्या टकरी दुर्मीळ आहेत. २०१७ सारखी घटना उद्या घडली आणि आपले यंत्र तयार नसले, तर ती आपल्यासाठी पुन्हा घडणार नाही.

दुसरा मुद्दा थेट यवतमाळचा. पैनगंगा इथे फक्त जिल्ह्याची हद्द नाही. नदीच्या अलीकडची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, तर पलीकडची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. एक विदर्भ, दुसरा मराठवाडा. या विभागणीमुळे जगातील मोजक्या गुरुत्वीय वेधशाळांपैकी एक शेजारी असूनही पुसद-यवतमाळच्या विद्यार्थ्याला ती ‘दुसऱ्या विभागाची’ वाटण्याचा धोका आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, यवतमाळचे शासकीय तंत्रनिकेतन, अमोलकचंद महाविद्यालय यांनी आयुकाशी आणि दोन्ही विद्यापीठांनी एकमेकांशी आतापासून बोलायला हवे. निर्वात तंत्रज्ञान, प्रकाशिकी, लेसर, नियंत्रण प्रणाली, वातानुकूलन, माहिती विश्लेषण या सगळ्यांसाठी तिथे माणसे लागतील. ती सगळी पीएचडीधारकच असतील असे नाही. आयटीआय आणि पदविकाधारकांनाही त्यात जागा असेल, पण तयारी असेल तरच.

सुरुवात करायला वेधशाळा पूर्ण होण्याची गरजही नाही. लायगोची निरीक्षणे इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली आहेत. १७ ऑगस्ट २०१७ चा तो १०० सेकंदांचा संकेत कोणताही विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर उतरवून, थोडे पायथॉन शिकून, स्वतः आलेखावर पाहू शकतो. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे सहज करता येईल. त्यासाठी ना वेगळे अनुदान लागते, ना मंत्रालयाची फाइल. लागतो तो एक उत्साही प्राध्यापक आणि बरे चालणारे इंटरनेट.

थोडक्यात...

गरम क्वार्क पदार्थाचे कोडे टकरी आणि महासंगणकाने बऱ्यापैकी सोडवले. थंड आणि महाघन क्वार्क पदार्थाचे कोडे गणिताला जमलेले नाही आणि पृथ्वीवरच्या यंत्रांना झेपणारे नाही. ते न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतच सुटण्याची शक्यता जास्त आहे आणि त्यासाठी जगाला आणखी एक कान हवा आहे. तो कान पैनगंगेच्या पलीकडे उभा राहतो आहे. सरकारने ठरलेल्या मुदतीत तो पूर्ण करावा. आणि तो सुरू होईल त्या दिवशी आत काम करणाऱ्यांच्या यादीत उमरखेड, पुसद, दारव्हा, वणी येथील नावे असावीत, याची तयारी यवतमाळने आजच सुरू करावी. २०३० फार दूर नाही. आज नववीत असलेला विद्यार्थी तोवर महाविद्यालयात असेल.